शिक्षकखोलीतील भांडणे आणि मुख्याध्यापकाची खुर्ची

जून महिन्यात शाळा उघडतात आणि महाराष्ट्रातील असंख्य माध्यमिक शाळांच्या शिक्षकखोल्यांत एका कागदावरून वातावरण तापू लागते. तो कागद म्हणजे वर्षाचे वेळापत्रक. दहावीचे गणित कोणाकडे, आठवीचा शेवटचा तास कोणाच्या वाट्याला, शनिवारची कवायत कोणी घ्यायची, रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या वर्गावर ऑफ तास कोणाला लावायचा, या प्रश्नांवरून वर्षानुवर्षे एका टेबलाशी डबा खाणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. बाहेरच्या माणसाला हे सारे क्षुल्लक वाटते. परंतु दहावीचे गणित म्हणजे गावातील नाव आहे, निकालाचे श्रेय आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने मनाई केलेली असूनही काहींच्या बाबतीत घरच्या शिकवणीचे उत्पन्नही आहे. शेवटचा तास म्हणजे परगावाहून येणाऱ्या शिक्षिकेची चुकलेली एस. टी. आणि घरी वाट पाहणारे मूल आहे. माणसे तासासाठी भांडत नाहीत; त्या तासाला जे चिकटलेले असते त्यासाठी भांडतात.

ही भांडणे मुख्याध्यापकाने कशी हाताळावीत, याविषयी अलीकडच्या काळात बरेच सांगितले जाते. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेपासून जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेपर्यंत 'शालेय नेतृत्व' या विषयाचे वर्ग भरतात. २०१९ साली सुरू झालेल्या 'निष्ठा' प्रशिक्षणातही हा विषय होता. या वर्गांतून मांडली जाणारी शिकवण बहुधा कारखान्यांच्या व्यवस्थापनशास्त्रातून आलेली असते. अमेरिकेतील केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी १९७४ साली तयार केलेली एक प्रश्नावली त्यात हटकून भेटते. संघर्षात माणूस पाच पवित्र्यांपैकी एक घेतो असे ती सांगते : रेटून नेणे, नमते घेणे, टाळणे, तडजोड करणे आणि सहकार्याने मार्ग काढणे. मुख्याध्यापकाने आपला पवित्रा ओळखावा आणि प्रसंग पाहून तो बदलावा, इतका तिचा बोध.

ही शिकवण अगदीच निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. रागाच्या भरात मेमो लिहिणारा मुख्याध्यापक एक रात्र थांबायला शिकला, तर त्यात शाळेचे भलेच आहे. परंतु या शिकवणीत एक मूलभूत उणीव आहे. भांडण सुरू झाल्यावर कसे वागावे हे ती सांगते. भांडण कशातून उत्पन्न झाले हे ती विचारीत नाही. तिच्या दृष्टीने शिक्षकखोलीत केवळ स्वभाव बसलेले असतात, एक तापट, एक हेकट, एक सोशिक. त्या खोलीत वेतनश्रेण्या बसलेल्या असतात, हे तिला दिसत नाही.

वस्तुस्थिती काय आहे? महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या अनुदानित माध्यमिक शाळेची शिक्षकखोली पाहावी. एका बाकावर १ नोव्हेंबर २००५ पूर्वी पूर्ण वेतनावर लागलेला शिक्षक असतो. त्याला निवृत्तिवेतनाची हमी आहे. शेजारी त्या तारखेनंतर लागलेला असतो. काम तेच, हजेरीपत्रक तेच, पण त्याच्या म्हातारपणाची सोय बाजाराच्या चढउतारावर सोडलेली. त्यांच्यामध्ये आणखी एक असतो, जो त्या तारखेपूर्वी लागला खरा, पण त्या वेळी त्याची शाळा शंभर टक्के अनुदानावर नव्हती, म्हणून तो वर्षानुवर्षे अर्ज आणि याचिका करीत राहिला. पलीकडे शिक्षणसेवक. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाला महिना ३००० रुपये मानधन होते. २०२३ साली ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झाले. तीन वर्षे या मानधनावर काढल्याखेरीज त्याला नियमित वेतनश्रेणीचे तोंड दिसत नाही. त्याच आवारात विनाअनुदानित तुकडीवरचा शिक्षक असतो. २००१ च्या धोरणाने त्याच्या शाळेच्या कपाळी 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का मारला, २००९ साली त्यातील 'कायम' हा शब्द पुसला गेला, आणि मग वीस टक्के, चाळीस टक्के अशा टप्प्यांनी येणाऱ्या अनुदानाची वाट पाहण्यात त्याच्या उमेदीची वर्षे गेली. सर्वात शेवटी, बहुधा दाराजवळच्या खुर्चीवर, तासिका तत्त्वावरचा शिक्षक. त्याला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. दिवाळीची सुटी त्याच्यासाठी बिनपगारी असते.

एकाच घंटेवर वर्गात जाणारी ही पाच-सहा प्रकारची माणसे आहेत. समान कामाला असमान मोबदला देऊन त्यांना एका खोलीत बसवायचे आणि नंतर त्यांच्यातील भांडणांना 'व्यक्तिमत्त्वांचा संघर्ष' असे नाव द्यायचे, ही लबाडी आहे. ज्येष्ठ शिक्षक ऑफ तास नाकारतो तेव्हा तो तास बहुतेक वेळा तासिका तत्त्वावरच्याच्या माथी मारला जातो, कारण तो नाही म्हणू शकत नाही. तो मनातल्या मनात ज्येष्ठाला शिव्या देतो. ज्याने नवी भरती रोखून धरली, ज्याने संचमान्यतेच्या हिशेबात पद उडविले, त्याचे तोंड त्या खोलीत कधीच दिसत नाही. दिसतो तो ज्येष्ठ सहकारी. शोषितांचा राग असा शोषितांवरच उलटवला जातो.

अर्थात, प्रत्येक भांडणाच्या मुळाशी पगारच असतो असे म्हणून मोकळे होणेही बरे नाही. शिक्षकखोलीत जात असते, आणि ती पगाराच्या पत्रकात दिसत नाही. राखीव जागेवरून बढती मिळालेल्या पर्यवेक्षकाच्या हाताखाली काम करताना कोणाच्या पोटात का दुखते, हे विचारायला प्रश्नावली लागत नाही. संस्थाचालकाच्या जातीचा शिपाईसुद्धा काही शाळांत मुख्याध्यापकाला भारी असतो. शिक्षिका बैठकीत बोलू लागली की घड्याळाकडे पाहणारे सहकारी असतात. आणि साधा मत्सरही असतो. तोही माणसाचाच गुण. परंतु या साऱ्याला रोज नवा दारूगोळा पुरविणारी यंत्रणा कोणती, हे पाहिल्याशिवाय मुख्याध्यापकाच्या कौशल्याची चर्चा पोकळ ठरते.

आता त्या मुख्याध्यापकाकडे वळू. त्याची जागाच मोठी विसंगत आहे. तो पगारदार नोकर आहे. शिक्षकांना लागू असणारा कायदा त्यालाही लागू आहे, त्यालाही निलंबित करता येते, त्याच्याही निवृत्तीची तारीख ठरलेली आहे. पण इतरांच्या हजेरीवर लाल शाईची रेघ तोच मारतो, किरकोळ रजा तोच मंजूर करतो, गोपनीय अहवाल तोच लिहितो. चालकांच्या लेखी तो शिक्षकांचा माणूस, शिक्षकांच्या लेखी चालकांचा. बहुतेक मुख्याध्यापक पंचवीस-तीस वर्षे याच खोलीत बसलेले असतात आणि निवृत्तीला दोन-चार वर्षे उरली असताना ज्येष्ठतेने त्या खुर्चीवर जातात. काल ज्यांच्याबरोबर चहा घेतला त्यांना आज कारणे दाखवा नोटीस द्यायची वेळ येते. या अवघडलेपणातून सुटण्यासाठी त्यांनी काही वाटा शोधलेल्या आहेत, आणि त्या वाटा महाराष्ट्रात काय, कर्नाटकात काय, मध्य प्रदेशात काय, सारख्याच आहेत.

पहिली वाट कानाडोळ्याची. 'तुम्ही दोघे आपसात मिटवा' असे म्हणून मुख्याध्यापक फायलीत डोके घालतात. हे निःपक्षपातीपण दिसते, पण असते बलवानाच्या बाजूचे; कारण आपसात मिटवायचे म्हणजे दुबळ्याने गप्प बसायचे. दुसरी वाट कागदाची. तोंडी दोन शब्दांत सुटणाऱ्या गोष्टीसाठी मेमो निघतो, त्याला खुलासा येतो, खुलासा असमाधानकारक ठरतो, आणि वर्षाअखेरीस एक जाड फाईल तयार होते. ती उद्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून कपाटात ठेवली जाते. तिसरी वाट सर्वात नासकी. मुख्याध्यापक एका गटाला जवळ करतात, कोण काय बोलले हे त्याच्याकडून ऐकतात, आणि दुसऱ्या गटाला तासांच्या वाटपातून आणि परीक्षेच्या कामांतून वठणीवर आणतात. फोडा आणि झोडा हे धोरण वसाहतवाद्यांनी शोधले असे इतिहासाच्या तासाला शिकविले जाते. ते पुढच्या खोलीत चालू असते.

चौथी वाट सचिवांच्या घराकडे जाते. शाळेतील प्रत्येक कुरबुर संध्याकाळी संस्थेच्या सचिवांच्या ओसरीवर पोहोचते. तिथे न्याय होत नाही, हिशेब होतो. ज्या शिक्षकाने संघटनेची वर्गणी गोळा केली, ज्याने पगारातून परस्पर 'देणगी' कापून घेण्यास नकार दिला, त्याच्याविरुद्ध सहकाऱ्याची तक्रार ही चालकांना पर्वणी असते. सहकाऱ्याला वाटते आपले गाऱ्हाणे ऐकले जात आहे. वास्तविक त्याच्या सहीचा वापर होत असतो. शिक्षकावरील कारवाईच्या अनेक प्रकरणांत पहिला कागद हा कोणा सहशिक्षकाचाच तक्रार अर्ज असतो, ही गोष्ट संघटनेतील जुन्या कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहे.

म्हणूनच कायद्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालील १९८१ ची नियमावली ही कोणा सरकारची कृपा नव्हे. त्यामागे चालकांच्या मनमानीविरुद्ध शिक्षकांनी वर्षानुवर्षे दिलेली झुंज आहे, आणि तो कायदा झाला त्याच सुमाराला, १९७७-७८ मध्ये, राज्यातील कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप लढविला होता. या कायद्याने बडतर्फीविरुद्ध ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क दिला. नियमावलीने सेवाज्येष्ठतेची यादी बंधनकारक केली आणि ज्येष्ठतेचा वाद शिक्षणाधिकाऱ्याने ठरवावा असे सांगितले. मोठ्या शिक्षेसाठी चौकशी समिती हवी. तीत एक प्रतिनिधी व्यवस्थापनाचा, एक खुद्द कर्मचाऱ्याने कोणत्याही खासगी शाळेतील कर्मचाऱ्यांतून नेमलेला, आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतून निवडलेला. शिक्षणाधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेशिवाय निलंबन केले, तर निर्वाह भत्त्याचा भार संस्थेला स्वतः उचलावा लागतो.

या नियमांचा मुख्याध्यापकाच्या रोजच्या कामाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. ज्या शाळेत ज्येष्ठतेची यादी दर वर्षी नियमाप्रमाणे फिरविली जाते, सर्वांच्या सह्या घेतल्या जातात आणि आक्षेप वेळच्या वेळी शिक्षणाधिकाऱ्याकडे जातात, त्या शाळेत पर्यवेक्षकपदाची जागा रिकामी झाल्यावर वैर पेटण्याचे निम्मे कारण नाहीसे झालेले असते. ज्या शाळेत ती यादी सचिवांच्या कपाटात असते, तिथे प्रत्येक निवृत्ती ही युद्धाची नांदी असते. पदवी आधी कोणी घेतली, बी. एड. कधी झाले, नेमणूक कोणत्या प्रवर्गातील, यावर मित्रांचे शत्रू होतात आणि वकिलांची घरे उभी राहतात. यादी उघड ठेवण्याला मुख्याध्यापकाला पैसा लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही. थोडे धैर्य लागते.

हेच गोपनीय अहवालाचे. प्रतिकूल शेरा संबंधिताला कळविला पाहिजे असा नियम आहे. तरीही काही मुख्याध्यापक हा अहवाल बाशिंग्या बैलासारखा मिरवतात, 'लक्षात ठेवा, लेखणी माझ्या हातात आहे' असे सुचवत राहतात. ज्याच्या हातात गुप्त लेखणी आहे त्याच्यापुढे कोणी खरे बोलत नाही, आणि जिथे खरे बोलले जात नाही तिथे भांडणे मिटत नाहीत, दबतात.

केरळचा अनुभव इथे आठवला पाहिजे. १९५७ साली ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळाने, जोसेफ मुंडश्शेरी शिक्षणमंत्री असताना, शिक्षण विधेयक आणले. खासगी अनुदानित शाळांतील शिक्षकांचा पगार सरकारने थेट द्यावा आणि नेमणुका लोकसेवा आयोगाने केलेल्या यादीतून व्हाव्यात, ही त्यातील कळीची कलमे. विधेयक राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे मतासाठी धाडले, मे १९५८ मध्ये मत आले, दुरुस्त्या होऊन फेब्रुवारी १९५९ मध्ये कायद्याला संमती मिळाली, आणि ३१ जुलै १९५९ रोजी ते मंत्रिमंडळच बरखास्त करण्यात आले. नेमणुकीचा अधिकार पुढे चालकांकडेच राहिला. पण थेट पगाराचे तत्त्व टिकले, आणि त्या कायद्याखालील नियमावलीत मुख्याध्यापकाची नेमणूक सामान्यतः ज्येष्ठतेनुसार व्हावी हेही आले. चालकाच्या हातून पगार घेणारा शिक्षक आणि खजिन्यातून पगार घेणारा शिक्षक यांच्या ताठ मानेत फरक असतो. तोच फरक त्यांच्या आपसांतील वागण्यातही उतरतो. धन्याची मर्जी राखायची नसेल तर शेजाऱ्याची चहाडी करण्याचे प्रयोजन उरत नाही. दिल्लीच्या १९७३ च्या शालेय शिक्षण कायद्यातही बडतर्फीपूर्वी शिक्षण संचालकांची मान्यता घेण्याचे बंधन आहे, आणि विनाअनुदानित शाळांनाही ते लागू आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला.

मात्र कायदा संरक्षण देतो, सलोखा देत नाही. तो मुख्याध्यापकालाच घडवावा लागतो, आणि त्यासाठी त्याला एक भेद ओळखावा लागतो. १९५७ साली माओ त्सेतुंग यांनी जनतेतील अंतर्विरोध आणि जनता व शत्रू यांच्यातील अंतर्विरोध वेगळे असतात, पहिल्या प्रकारचे चर्चेने व टीकेने सोडवायचे असतात, ही मांडणी केली होती. मांडणी मोलाची होती. (त्याच देशात नऊ वर्षांनी विद्यार्थ्यांकरवी शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या गळ्यात पाट्या अडकविल्या गेल्या आणि काहींचे प्राणही गेले, मांडणी विसरली की काय होते त्याचा तो दाखला.) शिक्षकखोलीतील बहुतेक भांडणे पहिल्या प्रकारची असतात. श्रमाच्या वाटपाचे भांडण हे सहकाऱ्यांमधील भांडण आहे. त्यात कोणी शत्रू नाही, आणि मेमोने कोणाला शत्रू बनविण्याचे कारण नाही.

अशा भांडणात काय करता येते, हे चांगल्या मुख्याध्यापकांनी आपल्या वागण्यातून दाखविलेले आहे. वेळापत्रक ते स्वतः बंद खोलीत करीत नाहीत. प्रत्येक गटातील एकेक शिक्षक, त्यात एखादा कनिष्ठ आणि एखादी शिक्षिका, असे तिघे-चौघे बसवून कच्चा आराखडा करतात आणि तो चार दिवस फळ्यावर लावून ठेवतात. ऑफ तासांची वही टेबलावर उघडी ठेवतात; महिन्याकाठी कोणाचे किती झाले हे ज्याला पाहायचे त्याने पाहावे. वही उघडी असली की निम्मी तोंडे बंद होतात. तक्रार घेऊन आलेल्याला ते एवढेच विचारतात : हेच त्याच्यासमोर बोलाल का? बोलणार असेल तर दोघांना एकत्र बसवितात. बोलणार नसेल, तर ती तक्रार आहे की चहाडी आहे हे तिथेच कळते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला ते बैठकीला बोलावतात, खुर्ची देतात आणि त्याचे मत इतिवृत्तात लिहून घेतात. चालकांकडे जायची वेळ आलीच तर जाण्यापूर्वी संबंधित शिक्षकाला सांगतात. यात कोणतीही युक्ती नाही. सत्ता थोडी वाटून टाकली की तिच्याभोवतीची खेचाखेच कमी होते, इतकेच.

परंतु सलोख्याच्या या मार्गाला मर्यादा आहे, आणि ती न ओळखणारा मुख्याध्यापक भला माणूस असूनही घातक ठरतो. शिक्षिकेने सहकाऱ्याच्या लैंगिक छळाची तक्रार केली की 'शाळेची बदनामी होईल, तुम्ही दोघे माझ्यासमोर बसा' असे म्हणणारे महाभाग पुष्कळ आहेत. तो अधिकार त्यांना नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. दहाहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. समेटाचा प्रयत्न होतो तो केवळ पीडित स्त्रीने स्वतः विनंती केल्यास, आणि पैशाच्या देवघेवीवर तो आधारता येत नाही. किती शाळांच्या भिंतीवर या समितीच्या सदस्यांची नावे लावलेली दिसतात? तसेच जातीचे. दलित शिक्षकाचा जातिवाचक अपमान ही दोन सहकाऱ्यांमधील 'गैरसमजुती'ची बाब नव्हे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. तिथे हस्तांदोलन घडवून चहा पाजणारा मुख्याध्यापक मध्यस्थ नसतो, तो गुन्ह्यावर पांघरूण घालीत असतो.

शिक्षक संघटनांनीही स्वतःकडे पाहण्याची गरज आहे, आणि पक्षसभासदांनी ती अधिक पाहावी. चालकाशी लढताना एकजुटीने उभा राहणारा कार्यकर्ता शाळेत मात्र आपल्या संघटनेच्या माणसाला हलका तास आणि दुसऱ्या संघटनेच्या माणसाला जड तास मिळावा म्हणून मुख्याध्यापकावर दडपण आणतो, असे घडत नाही काय? सभासदत्वाच्या पावत्या वाढविण्यासाठी दोन शिक्षकांतील वाद विझविण्याऐवजी फुंकर घालून जिवंत ठेवला जात नाही काय? उशिरा येणाऱ्या, वर्गावर न जाणाऱ्या सहकाऱ्याचा बचाव 'आपला माणूस' म्हणून केला गेला, की त्याचे ओझे वाहणारे बाकीचे शिक्षक संघटनेपासून दूर जातात. त्यांना दोष देता येत नाही. पूर्ण वेतनावरच्या सभासदांच्या मागण्यांसाठी मोर्चे निघतात आणि तासिका तत्त्वावरच्याचा प्रश्न मागण्यांच्या यादीत अकराव्या क्रमांकावर असतो. मग तो मोर्चाला का येईल? मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी झालेला सात दिवसांचा संप मोठा होता, एकजूट खरी होती. त्या दिवसांत अनेक शाळांत वर्ग उघडून बसलेली माणसे ही चालकांची पित्ते नव्हती. ज्यांना आजच्या पगाराची शाश्वती नाही त्यांना उद्याच्या निवृत्तिवेतनाची हाक पोहोचली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जिल्हा परिषदेच्या लहान शाळांची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे भांडण खुर्चीसाठी होत नाही, खुर्ची टाळण्यासाठी होते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत १५० हून अधिक आणि उच्च प्राथमिक शाळेत १०० हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद. वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत त्यामुळे ज्येष्ठाकडे 'चार्ज' येतो. चार्ज म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, रोजची माहिती मोबाइलवर भरणे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका, बांधकामाची बिले, आणि त्यावर दोन इयत्तांचे अध्यापन. पोत्यात तांदूळ कमी भरला तर वसुली कोणाकडून? चार्जवाल्याकडून. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे त्याच कायद्याचे २७ वे कलम म्हणते, पण मतदार याद्यांची कामे वर्षभर चालू राहतात. दोघांपैकी एक त्या कामावर गेला की दुसऱ्याला चार वर्ग एका खोलीत बसवावे लागतात. अशा दोन माणसांत बोलणे बंद झाले तर त्यांच्या स्वभावाचे विश्लेषण करण्यापेक्षा केंद्रप्रमुखाने तिसरा शिक्षक मागावा, हे अधिक शास्त्रीय होईल.

आणि आता या खोल्यांत एक नवी फूट पडली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा लागू केली. ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक होती त्यांना ती दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगण्यात आले. ज्यांची त्याहून कमी होती त्यांना निवृत्तीपर्यंत सेवेत राहता येईल, पण परीक्षेशिवाय बढती नाही असे निकालाने म्हटले. परिणाम उघड आहे. वीस वर्षे शिकविलेला ज्येष्ठ एका बाजूला आणि परीक्षा उत्तीर्ण झालेला कनिष्ठ दुसऱ्या बाजूला, दोघांची नजर पर्यवेक्षकाच्या किंवा मुख्याध्यापकाच्या एकाच जागेवर. या वेळी मुख्याध्यापकाने कनिष्ठाला 'तुझी वेळ आली' म्हणून चढविले किंवा ज्येष्ठाला 'हे पोर तुमच्या जागेवर डोळा ठेवून आहे' असे सांगितले, तर पुढची दहा वर्षे ती शाळा दुभंगलेली राहील. एखाद्या शाळेत तेच कनिष्ठ शिक्षक शाळा सुटल्यावर तासभर थांबून ज्येष्ठांची तयारी करून घेऊ शकतात. संघटनेच्या तालुका शाखांनी हे वर्ग उघडावेत, त्यात पावती कोणत्या संघटनेची आहे हे विचारू नये.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शिक्षक संघटना आणि शिक्षण खाते यांच्या संयुक्त शिक्षक परिषदा राज्याराज्यांत असाव्यात अशी शिफारस केली होती. ती शिफारस राज्य पातळीची होती. शाळेच्या पातळीवर निवडलेले शिक्षक मंडळ, ज्याच्यापुढे वेळापत्रक, तासांचे वाटप, परीक्षेची कामे आणि ज्येष्ठतेची यादी ठेवणे मुख्याध्यापकावर बंधनकारक असेल आणि ज्यात तासिका तत्त्वावरच्यालाही मत असेल, अशी तरतूद १९८१ च्या नियमावलीत करून घेण्याची मागणी संघटनांनी पुढे आणली पाहिजे. चालकांचा विरोध होईल, तो अपेक्षितच आहे. काही मुख्याध्यापकांचाही होईल; आपला अधिकार जातो असे त्यांना वाटेल. त्यांच्याशी मात्र भांडण्याऐवजी बोलावे. दोन-तीन वर्षांत ते निवृत्त होतील आणि ज्येष्ठतेच्या यादीतील पुढचा शिक्षक, आज समोरच्या बाकावर बसून वेळापत्रकावरून धुमसत असलेला, त्या खुर्चीवर जाईल.